परदेशात गेल्यावर भारतीय वकिलातीत नाव नोंदवायचं कसं

पासपोर्टच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत सूचना छापलेल्या असतात. पासपोर्ट हरवला तर काय करायचं वगैरे मजकुरात एक ओळ अशी असते, की परदेशात राहणाऱ्या भारतीयांनी जवळच्या भारतीय मिशनमध्ये, म्हणजे दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये, नाव नोंदवावं. ती सक्ती नाही, सल्ला आहे. त्यामुळे बहुतेक जण ती ओळ वाचतही नाहीत. फॉरेक्स, सिमकार्ड, थालीपीठाची भाजणी, प्रेशर कुकर या सगळ्याची यादी होते आणि हे पंधरा मिनिटांचं काम राहून जातं.

ते का करायचं, हे २०२२ मध्ये दिसलं. युक्रेनमधला ताण वाढत होता तेव्हा, जानेवारीत, कीव्हच्या भारतीय दूतावासाने तिथल्या भारतीयांना नाव नोंदवायला सांगितलं आणि सुमारे २०,००० जणांनी नोंदवलं. महिनाभरात युद्ध सुरू झालं. अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’चं पहिलं विमान बुखारेस्टहून निघून २६ फेब्रुवारीला मुंबईत उतरलं. कोण कुठल्या शहरात आहे, फोन कुठला, ही माहिती आधीच हाताशी असणं आणि बॉम्ब पडायला लागल्यावर ती गोळा करणं यांत फार फरक असतो. अर्थात युद्ध रोज होत नाही. नोंद कामी येते ती बहुधा साध्या प्रसंगांत. कुणी आठ दिवस फोन उचलत नाही, कुणी हॉस्पिटलात बेशुद्ध आहे, कुणाला पोलिसांनी नेलं आहे, अशा वेळी वकिलातीला मुंबईतल्या घरचा नंबर लागतो.

नोंदणी कशाला म्हणत नाहीत

मुंबईत ‘कॉन्सुलेट’ म्हटलं की डोळ्यांसमोर बीकेसीतली अमेरिकन कॉन्सुलेटची रांग येते. ती त्यांची वकिलात, आपल्याला व्हिसा देणारी. आपण बोलतोय ते परदेशातल्या भारतीय दूतावासाबद्दल किंवा कॉन्सुलेटबद्दल. बीकेसीतल्याच विदेश भवनात पासपोर्ट कार्यालय आहे, पण तिथेही ही नोंद होत नाही. ती त्या-त्या देशातल्या भारतीय मिशनकडेच करावी लागते.

दुसरा घोळ जर्मनीला जाणाऱ्या मुलांचा. तिथे घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत स्थानिक पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. मुलं घरी फोन करून सांगतात, ‘रजिस्ट्रेशन झालं.’ आई-बाबांना वाटतं, दूतावासात झालं. जर्मन सरकारला तुमचा पत्ता कळला म्हणून तो बर्लिनच्या भारतीय दूतावासाला कळत नाही. आखातातल्या रेसिडेन्सी कार्डाचंही तेच, आणि ज्या ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कामगारांची परवानगी निघते त्याचंही. प्रत्येक नोंद वेगळी.

मतदारयादीचंही इथेच सांगून टाकू. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं, पण ते काम निवडणूक आयोगाचं. मत द्यायला पासपोर्ट घेऊन मतदान केंद्रावर स्वतः यावं लागतं. वकिलातीत नाव नोंदवल्याने मतदारयादीत नाव येत नाही, आणि कटतही नाही.

कुणी करायची, कुणी नाही केली तरी चालेल

शिक्षण, नोकरी, बदली, लग्न, यांपैकी कशासाठीही काही महिने राहणार असाल तर करावी. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला निघालेल्या आजींचीही करावी. त्यांच्या वयात तर जास्तच, आणि त्यांच्याकडे तिथला फोन बहुधा नसतोच.

आठ-दहा दिवसांच्या सहलीला सहसा गरज नाही. युरोप टूरवर माणूस सहा देशांतून जातो, सहा ठिकाणी फॉर्म भरत कोण बसणार? तिथे वेगळी तयारी पुरते. ज्या देशांत जाताय तिथल्या भारतीय मिशनचा इमर्जन्सी नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोनमध्ये नको, कारण चोरीला जातो तो फोनच. लहान देशांत आपली वकिलात नसते, शेजारच्या देशातली बघते. टूरवाले वाडुझला तासभर थांबवतात, ते लिश्टेनस्टाइन स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या दूतावासाकडे येतं. मोनॅको पॅरिसकडे, सॅन मारिनो रोमकडे.

सहलीत असताना तिथे गडबड सुरू झाली तर गोष्ट बदलते. अशा वेळी मिशन आपल्या वेबसाइटवर आणि एक्सच्या (पूर्वीच्या ट्विटरच्या) खात्यावर तातडीचा फॉर्म टाकतं. तो लगेच भरा. ‘टूर मॅनेजरकडे आमची यादी आहे’ यावर विसंबू नका. ती यादी दूतावासापर्यंत पोहोचली का, हे त्याला विचारा.

एक मोठा अपवाद नागरिकत्वाचा. ही नोंद फक्त भारतीय नागरिकांची. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकन पासपोर्टवरचा नातू दादरला आजोळी आला, तर त्याची काळजी अमेरिकन कॉन्सुलेटची. अमेरिकन नागरिकांसाठी त्यांची ‘स्टेप’ नावाची नोंदणी असते, ती त्याच्या आई-बाबांनी करावी.

मुंबईतून निघण्यापूर्वी

फॉर्म पोहोचल्यावर भरायचा असतो, कारण स्थानिक पत्ता आणि फोन आधी नसतो. पण कागद इथूनच तयार करून न्यावेत. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसाचं पान, एक फोटो. पानं स्कॅन करा, मोबाइलने काढलीत तर प्लास्टिकच्या कव्हरमधून बाहेर काढून, चकाकी येणार नाही अशी. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात निघतात आणि सरकारी फॉर्म ते बहुतेक वेळा नाकारतात, तेव्हा जेपीजी किंवा पीडीएफ करून ठेवा. फाइल केवढी चालेल ते फॉर्मवरच लिहिलेलं असतं. एक प्रत स्वतःच्या ईमेलवर, एक घरच्यांकडे.

लग्न झालेल्यांनी लग्नाचं सर्टिफिकेट बरोबर घ्यावं, आणि परदेशी कार्यालयात लागणार असेल तर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, तोसुद्धा इथेच उरकावा. तिकडून तो मागवायचा म्हणजे कुणाला तरी मंत्रालयात आणि एजन्सीत खेपा घालायला लावायच्या.

मग पत्त्याचा प्रश्न, तो मुंबईत हमखास येतो. पासपोर्टवर जुन्या चाळीचा पत्ता असतो आणि चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली असते. आई-बाबा तीन वर्षं ट्रान्झिटमध्ये, भाड्याच्या खोलीत कुर्ल्याला किंवा थेट बदलापूरला. फॉर्ममध्ये ‘भारतातला कायमचा पत्ता’ आणि ‘आणीबाणीत संपर्क’ असे दोन रकाने वेगळे असतात. पहिल्यात पासपोर्टवरचाच पत्ता लिहा, म्हणजे ताळा जुळतो. दुसऱ्यात माणसं आज जिथे झोपतात तो पत्ता. दोन्हीकडे एकच चिकटवलं, तर पोलीस निरोप घेऊन पत्र्याच्या कुंपणापाशी उभे राहतील.

कुठल्या मिशनकडे

देश मोठा असेल तर एक दूतावास आणि अनेक कॉन्सुलेट असतात, आणि प्रत्येकाचा इलाखा ठरलेला असतो. तुम्ही राहता तो प्रांत किंवा राज्य ज्याच्या इलाख्यात, तिथेच नोंद करायची. जवळ कुठलं आहे यावर ते ठरत नाही. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटकडे, टेक्सास ह्यूस्टनकडे, व्हर्जिनिया आणि मेरीलँड वॉशिंग्टनच्या दूतावासाकडे. अबू धाबी अमिरातीतले लोक तिथल्या दूतावासाचे. दुबई, शारजा आणि उत्तरेकडच्या अमिराती दुबईच्या कॉन्सुलेटच्या. सौदीत जेद्दा, मक्का, मदिना हा पश्चिमेचा भाग जेद्दाच्या कॉन्सुलेटकडे, राजधानी रियाध तिथल्या दूतावासाकडे. राष्ट्रकुल देशांत दूतावासाला ‘हाय कमिशन’ म्हणतात. लंडनमध्ये ‘इंडियन एम्बसी’ शोधणाऱ्याला म्हणूनच भलत्याच वेबसाइट सापडतात.

तेव्हा आधी मिशनच्या वेबसाइटवर ‘ज्युरिस्डिक्शन’ हा शब्द शोधा. चुकीच्या ठिकाणी केलेली नोंद कुणी आपणहून योग्य ठिकाणी पाठवेल असं धरून चालू नका. नोकरी बदलून टेक्सासमधल्या डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलात तर ह्यूस्टनला कळवून न्यूयॉर्कला नवी नोंद करायची.

वेबसाइट खरी आहे का ते पत्त्याच्या शेपटीवरून ओळखा. भारतीय मिशनच्या साइट ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतात. शोधयंत्रात वर जाहिरात करून बसलेले एजंट असतात, ते ‘नोंदणी शुल्क’ घेतात. ही नोंदणी फुकट असते.

फॉर्म भरताना

मिशनच्या साइटवर ‘रजिस्ट्रेशन ऑफ इंडियन नॅशनल्स’ किंवा जवळपास अशाच नावाचा दुवा बहुधा ‘कॉन्सुलर सर्व्हिसेस’खाली असतो. कुठे तो त्यांचा स्वतःचा फॉर्म असतो, कुठे साधा गूगल फॉर्म, कुठे पीडीएफ भरून ईमेल करायची. विद्यार्थ्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. २०१५ साली ते मुळात तक्रारींसाठी सुरू झालं, पण त्यात विद्यार्थ्यांच्या नोंदणीची सोयही आहे. विद्यार्थ्याने दोन्हीकडे नाव घालावं. जास्तीची पाच मिनिटं जातात, इतकंच.

नाव. इथे मराठी माणूस अडतो. समजा पासपोर्टवर आडनावाच्या ओळीत ‘कदम’ आणि नावाच्या ओळीत ‘रोहन सुरेश’ असं आहे. आपल्या डोक्यात सुरेश हे मधलं नाव, वडिलांचं. पासपोर्टला मधलं नाव ठाऊक नाही, त्याच्या लेखी ‘रोहन सुरेश’ हे सगळं मिळून नाव. फॉर्मात पहिलं-मधलं-शेवटचं असे तीन रकाने असले तरी शक्यतो ‘रोहन सुरेश’ पहिल्यात लिहा आणि मधला रिकामा ठेवा. रिकामा चालत नसेल तरच फोड करा. विद्यापीठात आणि ऑफिसात तो ‘रोहन कदम’ असेल. त्याच्याशी इथे घेणं नाही. इंग्रजी स्पेलिंगही पासपोर्टवरचंच हवं. लक्ष्मीत एक्स आहे की केएस, वाघमारे डब्ल्यूने की व्हीने, हे तुमच्या सवयीने नाही, तिथे छापलंय तसं. लग्नानंतर नाव बदललं पण पासपोर्ट बदलला नाही, तर माहेरचंच नाव लिहा आणि शेऱ्याच्या रकान्यात सासरचं द्या. परदेशी हॉस्पिटलात किंवा भाडेकरारावर सासरचं नाव असेल तर दोन्ही जुळवणारा तोच एक धागा असतो.

पासपोर्टचा नंबर बहुतेकांचा एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असा असतो. म्हणजे त्या सातांत कुठे ‘ओ’ दिसला तर तो शून्य आहे, आणि ‘आय’ दिसला तर एक. ही चूक इतकी साधी आहे की कुणी तपासत नाही. जुना पासपोर्ट आणि नवा एकत्र शिवलेले असतील तर नंबर नव्याचा.

तारखा. दहा वर्षांचा पासपोर्ट १५ जून २०१८ ला निघाला असेल तर तो १४ जून २०२८ ला संपतो, एक दिवस आधी. अमेरिकेत राहून महिना आधी लिहायची सवय लागते, भारतीय फॉर्मात दिवस आधी. ०४-०७ असं लिहिलं की चार जुलै की सात एप्रिल, हे नंतर कुणाला सांगता येत नाही. जारी झाल्याचं ठिकाण छापलेलं असेल तेच लिहा. राहायला डोंबिवलीत आणि पासपोर्ट मुंबईचा, तर मुंबई.

स्थानिक पत्ता. दुबईत सगळे कागद पीओ बॉक्सवर चालतात, म्हणून लोक तोच लिहून मोकळे होतात. पण पीओ बॉक्समध्ये माणूस सापडत नाही. इमारतीचं नाव, मजला, खोली, आणि इमारतीच्या दारावरच्या पाटीवर असतो तो दहा आकडी मकानी नंबर लिहा. बेडस्पेसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहत असाल तर खोली कुणाच्या नावावर आहे तेही. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचा पत्ता देऊ नये, हॉस्टेलचा किंवा घराचा द्यावा.

फोनचे रकाने एक असोत वा दोन, तिथलं सिम आणि व्हॉट्सअॅप चालू असलेला नंबर असे दोन्ही द्या. मुंबईचं सिम रोमिंगवर बंद पडलं तरी व्हॉट्सअॅप त्याच नंबरावर चालत राहतं, आणि संकटात मिशनचे निरोप बऱ्याचदा तिथेच येतात. ओटीपी मात्र एसएमएसने येतो, त्यासाठी भारतीय सिम किमान रिचार्जवर जिवंत ठेवा. ईमेल स्वतःचा, कायमचा द्या. कॉलेजचा ईमेल पदवी झाली की बंद, ऑफिसचा नोकरी सुटली की त्याच संध्याकाळी.

आणीबाणीतला संपर्क हा या अख्ख्या फॉर्ममधला सर्वांत कामाचा रकाना, आणि लोक तो सर्वांत घाईत भरतात. मोबाइल +९१ लावून लिहा. घरची लँडलाइन द्यायची तर ०२२ मधलं शून्य गाळून +९१ २२ आणि पुढे आठ आकडे. शून्य ठेवलं तर परदेशातून फोन लागत नाही. शक्य असेल तर दोघांची नावं द्या, एक भारतात आणि एक त्याच देशात, मित्र किंवा चुलतभाऊ, कुणीही जो दारापर्यंत जाऊ शकेल. आणि ज्याचं नाव दिलं त्याला तसं सांगा. परदेशी नंबरांवरून फसवणुकीचे इतके फोन येतात की आपली आई अनोळखी +९७१ उचलणारच नाही. तिच्या फोनमध्ये दूतावासाचा नंबर नावासकट सेव्ह करून द्या, म्हणजे स्क्रीनवर ‘दूतावास’ असं येईल. आईला सांगायचं इतकंच, की या नावाने फोन आला तर ऐकून घे, पण पैसे मागितले तर ठेवून दे.

तसं सांगायला कारण आहे. दूतावासाचाच नंबर स्क्रीनवर उमटवून ‘तुमच्या व्हिसात चूक आहे, इतके डॉलर भरा’ म्हणणारे भामटे आहेत, आणि मिशननी त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. मिशन फोनवर पैसे, कार्ड नंबर किंवा ओटीपी मागत नाही. नोंदणीसाठी बँकेचे तपशीलही लागत नाहीत. कुठल्या फॉर्मने ते मागितले, तर तो फॉर्म बंद करा.

भरून झाल्यावर जो क्रमांक किंवा पोचीचा ईमेल येतो तो जपा. काहीच आलं नाही तर पडद्याचा फोटो काढा, आणि आठवड्याने मिशनच्या कॉन्सुलर विभागाला दोन ओळींचा ईमेल टाका: नाव, पासपोर्ट नंबर, फॉर्म भरल्याची तारीख, नोंद झाली का. घरातल्या प्रत्येक भारतीय पासपोर्टची नोंद हवी, तान्ह्या बाळाचीही. नवरा नोंदवतो, बायको-मुलं राहून जातात, असं फार होतं.

पुढे

नोंद एकदा केली की संपलं, असं धरून बसलात तर ती दोन वर्षांत कुचकामी होते. घर बदललं, सिम बदललं, व्हिसा वाढला, मुंबईतल्या घरचा नंबर बदलला, की कळवायचं. पासपोर्ट नवा काढला की नंबर बदलतो. पासपोर्ट मिशनमार्फतच निघाला म्हणून नोंदणीतला नंबर आपोआप बदलेल, असं समजू नका. विद्यार्थी तर दर सप्टेंबरला खोली बदलतात. त्यांनी भाडेकरारावर सही केली त्याच दिवशी ईमेल करावा.

आखातात कामाला जाणारे

रत्नागिरी-रायगडातून, भिवंडी-मुंब्र्यातून आखातात जाणाऱ्यांसाठी वकिलातीच्या आधी एक पायरी असते. पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असेल, म्हणजे साधारणपणे दहावी झालेली नसेल, तर सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया अशा ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी, लागतो. तो ई-मायग्रेटवर निघतो. हे काम बघणाऱ्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं मुंबईतलं कार्यालय विदेश भवनातच आहे. एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. त्याहून जास्त मागणाऱ्याकडे लायसन्स आहे का, ते ई-मायग्रेटवर बघा. प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत मिळतो.

यातून पळवाट म्हणून ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलू’ असं सांगितलं जातं. तसं गेलेल्याची नोकरीची नोंद कुठेच नसते, आणि मालकाने पगार थकवला तर हातात करारही नसतो. असा माणूस तिथे पोहोचला असेल, तर त्याने वकिलातीतली नोंद तरी पहिल्याच आठवड्यात करावी. पासपोर्ट मालकाने काढून घेतला असेल तर ते लपवू नये, शेऱ्यात लिहावं. मालकाचं नाव, साइटचा पत्ता, कॅम्पचा नंबर, सगळं.

गलबतावरच्या लोकांचं वेगळं. बोटीवर चढणाऱ्याने दर बंदरात नोंद करायची नसते. त्याची नोंद मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या कागदांत, सीडीसी (खलाशाचं ओळख आणि नोकरीचं पुस्तक) आणि इंडोस (खलाशाचा नोंदणी क्रमांक) या नंबरांवर असते. त्याने निघण्याआधी तपासायचं ते भरती करणाऱ्या कंपनीचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स, आणि घरी ठेवून जायचं ते जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. जहाजाचं नाव आणि झेंडा बदलतो, आयएमओ नंबर बदलत नाही.

बाळ तिकडे झालं तर

ही नोंदणी निराळी, आणि ती मात्र ऐच्छिक समजू नका. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे, ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेलं मूल वंशाने भारतीय नागरिक ठरायचं असेल, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये जन्म नोंदवावा लागतो, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-बापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मिळत नाही असं नाही, पण कागद दिल्लीला जातात आणि महिने जातात.

पुष्कळ देशांत नुसतं तिथे जन्मल्याने तिथलं नागरिकत्व मिळत नाही. आखातात तर नाहीच. म्हणजे नोंद होईपर्यंत बाळ कुठल्याच देशाचं नाही, पासपोर्ट नाही, बारशाला मुंबईला आणायची सोय नाही. उशीर का होतो? बहुधा स्पेलिंगमुळे. हॉस्पिटलच्या कागदावर वडिलांचं नाव ‘रोहन कदम’, पासपोर्टवर ‘रोहन सुरेश कदम’, आईचं सासरचं नाव लग्नाच्या सर्टिफिकेटवर आणि माहेरचं पासपोर्टवर. स्थानिक जन्मदाखला निघण्यापूर्वीच दोघांचे पासपोर्ट क्लार्कसमोर ठेवून नावं तशीच घालून घ्या. निघाल्यावर दुरुस्ती करणं तिकडेही सोपं नाही.

अडचण आली तर नोंदीचा काय उपयोग

पासपोर्ट हरवला तर पोलीस रिपोर्ट घेऊन मिशनकडे जायचं. घाईने परतायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, ते फक्त भारतात येण्याच्या एकाच प्रवासाला चालतं, त्यावर पुढची ट्रिप करता येत नाही. देण्यापूर्वी तुम्ही भारतीय आहात याची खात्री करावी लागते. नोंद आणि पासपोर्टची प्रत आधीच तिथे असेल तर हे काम भराभर होतं.

अटक झाली तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाप्रमाणे आपल्या कॉन्सुलेटला कळवा, असं सांगायचा हक्क असतो. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निकाल दिला. गोम अशी, की सर्वसाधारणपणे तुम्ही मागितलं तरच ते कळवतात. घाबरून गप्प बसलेल्याबद्दल मिशनला कळतही नाही. ‘भारतीय कॉन्सुलेटला कळवा’ हे वाक्य इंग्रजीत आणि त्या देशाच्या भाषेत पाठ असू द्या. अधिकारी तुरुंगात भेटू शकतात, वकिलांची यादी देऊ शकतात, घरी निरोप देऊ शकतात. सोडवून आणू शकत नाहीत, दंड भरत नाहीत, कोर्टात तुमच्या बाजूने उभे राहत नाहीत.

पैशांची मदत इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून होते. तो २००९ मध्ये सुरू झाला. कॉन्सुलर सेवांवर लावलेल्या छोट्या आकारातून तो उभा राहतो. अमेरिकेत पासपोर्टच्या फीबरोबर घेतात ते २ डॉलर त्याचेच. तो खरोखर हातात काही नसलेल्यांसाठी असतो: अडकलेल्याचं तिकीट, उपचार, मृतदेह भारतात आणणं. क्रेडिट कार्ड हरवलेल्या पर्यटकाचं हॉटेलबिल त्यातून निघत नाही. आणि मिशनचं कार्यालय शनिवार-रविवारी, सौदीत शुक्रवार-शनिवारी, बंद असतं. सुट्टीत फक्त इमर्जन्सी फोन चालू असतो, तो व्हिसाची चौकशी करायला वापरू नका.

मदत मिळेना, ईमेलला उत्तर येईना, तर ‘मदद’वर तक्रार टाका. तिला नंबर मिळतो आणि ती कुठे अडली ते दिसतं. घरचे लोक मुंबईतूनही ती टाकू शकतात. त्यासाठी पासपोर्टची प्रत आणि तिकडचा पत्ता घरात असावा लागतो.

कायमचं परत येताना मिशनला एक ईमेल टाका, नोंद काढायला सांगा. नाहीतर पाच वर्षांनी तिकडे गडबड झाली, की दूतावासातलं कुणीतरी तुम्हाला शोधत बसेल आणि तुम्ही ठाणे लोकलमध्ये असाल.